बंद केलेला पंप

आईवडिलांच्या माघारी घराचे दोन भाग झाले, बाग मात्र सामाईक राहिली. बागेतलं तळं ताईने शाळेतून निवृत्त झाल्यावर हौसेने करून घेतलं होतं. पंपाने पाणी वर चढायचं आणि दगडावरून धबाधबा खाली पडायचं. त्या पडण्यानेच पाण्यात हवा मिसळायची.

ऊन तापलं तसे मासे सकाळी वर येऊन तोंडं वासू लागले. ताईने त्यांचं खाणं कमी केलं, कुजकी पानं उपसली, सावलीला कापड बांधलं. दुपारी मासे बरे दिसत. सकाळी पुन्हा तीच तडफड. पलीकडच्या भागात राहणारा धाकटा भाऊ व्हरांड्यात चहा पीत हे सगळं बघायचा. खाणं जुनं झालं असेल, बदलून बघ, असंही एकदा त्याने सुचवलं. तिने बदललं.

एके दिवशी ती नेहमीपेक्षा लवकर उठून बागेत आली. पाण्याचा आवाजच नव्हता. सगळ्यात थोरला, ढेरपोट्या केशरी मासा उताणा तरंगत होता. तो हातात घेऊन ती उभी असताना भाऊ जांभया देत बाहेर आला आणि सवयीने त्याने पंपाचं बटण दाबलं. मग ती दिसली.

"त्या आवाजाने मला झोप लागत नाही गं," तो म्हणाला. "सकाळी लावतोच ना. आणि पाण्यात राहणाऱ्यांना कसली आलीय हवा?"

"रात्रीच ती कमी पडते. पाण्यातली झाडंसुद्धा तेव्हा तीच ओढतात." ताईचा आवाज चढला नाही. "झोप लागत नाही, एवढं सांगायला तोंड शिवलं होतं तुझं? मी जिवाचं रान करत होते, आणि तू मला खाणं बदलायला लावलंस."

मासाच तर होता, दुसरा आणून देतो, असं तो पुटपुटला. तिने मेलेला मासा त्याच्या ओंजळीत ठेवला.

"खड्डा तू खण."

त्याने झोपेच्या कपड्यांतच खणला.

दुपारी तिने बाजारातून रात्रीसाठी हवेचा छोटा पंप आणला, नळी तळाशी सोडली. बारीक बुडबुडे, आवाज जवळजवळ नाहीच. चहा उकळेपर्यंत काम झालं, आणि याचाच तिला जास्त संताप आला. संध्याकाळी भाऊ माफी मागायला आला. तिने ऐकून घेतली, पण खुर्ची पुढे केली नाही.

उरलेले मासे तगले. भिंतीपलीकडे भाऊ आता ढाराढूर घोरतो, आणि ते कानावर आलं की अजूनही ताईच्या तळपायाची आग मस्तकात जाते.