कापसाची सना

मित्रांनो, मला डोकं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. हातही नाहीत. खांद्यापासून कमरेपर्यंतचं एक धड, त्याखाली लाकडी दांडा आणि तीन पाय, एवढाच काय तो माझा संसार. शिंप्याच्या दुकानातला जुना पुतळा मी. कपडे माझ्या अंगावर चढवतात, टाचण्या टोचतात, चार पावलं मागे जाऊन डोळे बारीक करून बघतात आणि काढून घेतात. स्वतःचं म्हणावं असं एकही कापड माझ्याकडे नाही. तरीही माझ्या अंगावर एक मुलगी लहानाची मोठी झाली आणि एका संध्याकाळी ती कोळिष्टकं होऊन दुसऱ्याच्या दारावर लटकली. ते आठवलं की अजूनही मला स्वस्थ उभं राहवत नाही.

माझा जन्म आखातातल्या एका शहराच्या गाला नावाच्या भागातल्या शिलाई कारखान्यातला. बाजूला गॅरेजांची ठोकाठोक, दिवसभर डिझेलचा वास, आणि आत ओळीने मशिनी. कागदाच्या लगद्याचं माझं अंग, त्यावर तागाचं कापड ताणून शिवलेलं. माझ्यासोबतचे पुतळे चांगले दणकट होते, त्यांच्यावर कामगारांचे बॉयलर सूट बसवत. मी मात्र अंगानं बारीक, कारण मला शाळेच्या गणवेशांसाठी घडवलं होतं. पुढे कारखाना बंद झाला, यंत्रं गेली, दणकट मंडळीही गेली. मला कोण नेणार? पोराच्या अंगाचा पुतळा मोठ्या माणसांच्या शिंप्याला काय कामाचा? धूळ खात पडलो होतो, तेव्हा तिथलाच एक कारागीर मला खांद्यावर टाकून घेऊन गेला. त्याचं नाव जाफर. रत्नागिरीकडचा माणूस.

जाफरने त्याच शहरातल्या अल हैल भागात स्वतःचं छोटं दुकान टाकलं होतं. पहिल्याच रात्री त्याने घरी फोन लावला. पलीकडून त्याची बायको नूरबानू टेपने माप घेऊन सांगत होती आणि इकडे जाफर माझ्याभोवती टेप गुंडाळत होता. "खांदे बरोबर बसले," तो हरखून म्हणाला. "कंबर इवलीशी कमी हाय, ती मी भरतो." माप होतं सनाचं, त्याच्या मुलीचं. ती तेव्हा पहिलीत होती, आणि तिला ईदचा फ्रॉक अब्बाच्या हातचाच हवा होता.

त्या दिवसापासून माझं अंग माझं राहिलं नाही. दर ईदच्या आधी फोन यायचा, नवं माप यायचं, आणि जाफर माझ्या अंगावर कापसाचा आणखी एक थर चढवायचा. कापूस सरकू नये म्हणून वरून पट्टी गुंडाळायची, आणि ती पट्टी मागच्या ईदच्या ड्रेसमधून उरलेल्या कापडाचीच. पिवळी, मग पिस्ता, मग जांभळ्या फुलांची. दांडा वर सरकवून स्क्रू आवळायचा. सना उंच झाली की मी उंच, सना आजारातून उठली की मी रोड. एका वर्षी नूरबानूने सांगितलेलं माप ऐकून जाफर टेप हातात धरून नुसताच बसला. "एवढी मोठी झाली?" तो मला म्हणाला. मी काय सांगणार?

तो घरी जायचा नाही असं नाही. जायचा, धंदा मंदा असला की. पण ईदला कधीच नाही, कारण ईदला शिंप्याला मान वर करायला फुरसत नसते. आणि हाताखालचा कारागीर सोडून गेल्यापासून चार वर्षं त्याला घरी जाताच आलं नव्हतं. सनाचं लग्न डिसेंबरात ठरलं, तेही ऐन लग्नसराईच्या सीझनमध्ये. नूरबानू फोनवर रडली, भांडली. जाफर म्हणाला, "ऑर्डरी घेतल्या हायत, लोकांना शब्द दिलाय. लग्नाचा शरारा पाठवतो ना. असा शिवतो, की सगळा गाव बघत राहील." डाळिंबी रंगाचं कापड त्याने आणलं आणि रोज दुकान बंद केल्यावर माझ्यावर तो शरारा बेतू लागला. स्वतः जाता येत नव्हतं, म्हणून जे काही होतं ते सगळं तो त्या कापडात ओतत होता. गावाला निघालेला उजैर नावाचा त्याचा शेजारी ते पार्सल नेणार होता.

आणि नेमकं तेव्हाच हॅलोविन आलं.

माधवी ही जाफरची जुनी गिऱ्हाईक. मराठी बोलणारा शिंपी मिळाला म्हणून मदिनत सुलतान काबूस वस्तीतून एवढ्या लांब ब्लाउज शिवायला यायची. तिने विचारलं, "जाफरभाई, एखादा जुना पुतळा द्याल का दोन दिवस? आमच्या तृप्तीने शाळेतल्या सगळ्या मैत्रिणींना बोलावलंय, घर सजवायचंय." जाफरने खुशीने काचेतला प्लास्टिकचा पुतळा देऊ केला. दुसऱ्या दिवशी माधवीचा नवरा सतीश गाडी घेऊन आला, तेव्हा जाफर मगरिबच्या नमाजाला गेला होता, शटर अर्धं खाली होतं. काचेतल्या पुतळ्यावर कुणाचा तरी बुरख्यासारखा अबाया टाचून ठेवलेला. भला माणूस तो, दुसऱ्याच्या कामाला हात कसा लावायचा म्हणून त्याने इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात मी उघडा उभा. शरारा रोजच्यासारखा कपाटात. त्याला वाटलं, हाच तो जुना. मला आडवं करून त्याने मागच्या सीटवर टाकलं.

मी ओरडलो असतो, पण तोंड कुठलं!

जाफरने परत येऊन लगेच फोन केला, तो मी गाडीच्या स्पीकरवरच ऐकला. सतीश म्हणाला, "नेला हो जाफरभाई, कोपऱ्यातला. उद्या रात्री आणून देतो."  मग जाफर म्हणाला, "ठीक हाय साहेब. जरा सांभाळून." एवढंच! अरे, सांग की बाबा, तो द्यायचा नाही म्हणून! पण शरमला तो. कापूस भरलेल्या पुतळ्याला मी माझी मुलगी समजतो, हे गिऱ्हाइकाला कोणत्या तोंडाने सांगणार?

माधवीच्या घरी नुसती धांदल होती. बाहेर कंपाउंडच्या आत बोगनवेलीवर प्लास्टिकचे सांगाडे चढले होते. बाजारातून आणलेल्या हिरव्या भोपळ्यांना तृप्तीने नारिंगी रंग फासला होता. काळ्या कागदाची वटवाघळं दमट हवेत भिंतीवरून सुटून पडत होती, आणि सतीश स्टुलावर चढून ती पुन्हा पुन्हा चिकटवत होता. आत जिन्याच्या कठड्याला पांढऱ्या चिंध्या, न्हाणीघराच्या आरशावर लाल हातांचे ठसे, हॉलमधले सगळे दिवे काढून लावलेले लाल बल्ब. एकच कोपरा स्वच्छ होता, जिथे बुद्धांची मूर्ती होती. "तिकडे एकही भूत न्यायचं नाही," माधवीने बजावलं होतं.

"आपण भूतबीत मानत नाही," सतीश वरून कुरकुरला, "आणि घरात आता आणखी भुतं ठेवायला जागा नाही."

"पप्पा, इट्स जस्ट डेकोरेशन," तृप्ती म्हणाली. आठवीतली पोर, धावून धावून घामाघूम झालेली. मैत्रिणी येतील ना, हसतील तर नाही ना, या विचाराने तिला एका जागी बसवत नव्हतं. तिची काळजी मला समजत होती, पण मला माझीच पडली होती.

मला त्यांनी दाराबाहेर उभं केलं, अंगावर जुना जाळीचा पडदा गुंडाळला आणि गळ्यापाशी लाल रंग ओतला. डोकं नसलेली नवरी! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या वर्षांत मला मिळालेली ती पहिली वाहवा, आणि ती मला नको होती.

मग कोळ्याच्या जाळ्याची पाकिटं संपली. अर्धी खिडकी राहिली होती. तृप्ती माझ्याजवळ आली, पडदा सारखा करता करता तिचं बोट माझ्या कमरेच्या पट्टीखाली गेलं. "मम्मा, इकडे बघ, आत खूप सारा कॉटन आहे!"

माधवी स्वयंपाकघरातून म्हणाली, "जुनाच आहे ना तो? घे थोडा. नंतर आपण भरून देऊ."

मित्रांनो, थोड्यावर कधी भागतं का? आधी या ईदचा थर निघाला. कापूस विंचरून विंचरून तिने खिडकीच्या गजांवर ताणला. मग मागच्या ईदचा. पट्ट्या बघून तर ती खूशच झाली. जांभळी, पिस्ता, पिवळी, सगळ्या फाटक्या झिरमिळ्या करून फाटकाला बांधल्या. थरामागून थर जात होता आणि मी जागच्या जागी तडफडत होतो. कॉलेजातली सना गेली, दहावीतली गेली, आजारातून उठलेली गेली. अंधार पडायच्या सुमाराला मी पुन्हा पहिलीतली सना झालो होतो आणि बाकीची सगळी वाऱ्यावर हलत होती.

मैत्रिणी आल्या, किंचाळल्या, फोटो काढू लागल्या. तृप्तीचा चेहरा आनंदाने फुलला. तेवढ्यात फाटकाशी जाफर दिसला. उजैर दुसऱ्या दिवशी निघणार होता, रात्री शेवटचं माप बसवायचं म्हणून मला न्यायला तो स्वतःच टॅक्सीने आला होता. हातातल्या पिशवीत तो शरारा.

"या ना जाफरभाई!" माधवी उत्साहाने म्हणाली. "बघा, तुमच्या पुतळ्याला काय भाव आलाय!"

जाफरने माझ्याकडे पाहिलं. रक्ताळलेला गळा पाहिला, सैल पडदा पाहिला, त्याखालचं माझं लहानग्या पोरीएवढं अंग पाहिलं. "छान हाय," तो म्हणाला. सवयच ती, गिऱ्हाइकाला छान म्हणायची. मग त्याचा हात फाटकावरच्या पिवळ्या झिरमिळीला लागला. त्याने ती दोन बोटांत धरली, खिडकीकडे पाहिलं आणि मटकन पायरीवर बसला.

सतीश धावत आला. "काय झालं? बरं नाही का? कापसाचं म्हणताय का? अहो, उद्या नवीन आणून देतो, दुप्पट देतो."

"कापूस मिळंल साहेब," जाफर म्हणाला. "ती माझी सना होती."

आणि मग त्याने सगळं सांगितलं, ईदचं, मापाचं, लग्नाचं. एवढं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.  तृप्ती हुंदके देत खिडकीवरचा कापूस ओढू लागली. "सॉरी अंकल, मी परत लावते, सगळं परत लावते." पण ताणून विरलेला कापूस परत कसा लावणार? कुठली पट्टी कुठल्या ईदची हे जाफर सांगू शकला असता, पण थर किती जाड होता हे त्याच्या हातांनाही आठवेना.

"आत्ता फोन लावा घरी," माधवी म्हणाली. "नवीन माप घ्या. आम्ही बसतो भरायला, रात्रभर बसतो."

फोन लागला. पडद्यावर सना होती. मी तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाहत होतो, म्हणजे तुमच्यासारखं नव्हे, माझ्या परीने. खरं सांगू? ती माझ्यासारखी नव्हतीच. खांदे जरा झुकलेले, मान लांब, आणि हसताना एका बाजूला कलायची. हे कुठल्याच टेपमध्ये आलं नव्हतं.

"अब्बा, भूतबंगल्यात गेलात की काय?" ती मागची जाळी बघून हसली.

"सना, माप दे गो परत. आम्मीला टेप आणायला सांग. इथलं बिघडलं."

ती हसायची थांबली. "नाही देनार."

"अगं, शरारा..."

"नाही देनार, अब्बा. माप पायजे तर तुमी या, नि तुमच्या हातानं घ्या. नायतर मी जुना कुठला तरी ड्रेस घालून लग्न करीन."

"लोकांना शब्द दिलाय गो," जाफर पुटपुटला.

"मला कधी दिलात?"

 फोन तसाच चालू होता, आणि खाली मान घालून तो पिवळी पट्टी बोटाला गुंडाळत होता. माधवीने त्याच्या शेजारी पायरीवर बसकण मारली. "जाफरभाई, त्या ऑर्डरींत माझे आणि आमच्या मंडळातल्या बायकांचेच ब्लाउज जास्त आहेत ना? ते विसरा. आम्ही जुने घालू. मी एकेकीला फोन करते, आत्ताच करते. बाकीच्या गिऱ्हाइकांशी हे बोलतील." सतीशने मान डोलावली.

"पन मॅडम, सीझन..."

"सीझन दरवर्षी येतो हो," माधवी म्हणाली आणि तिलाच रडू आलं.

जाफरने फोन तोंडाजवळ धरला. "येतो," तो म्हणाला. तिकडून नूरबानूचा आवाज आला. ते रडणं होतं की ओरडणं, काही कळलं नाही.

मित्रांनो, आता मी पुन्हा दुकानात आहे. जाफर ऐन सीझनमध्ये दुकानाला कुलूप लावून गेला आहे. शरारा त्याने कच्च्या टाक्यांवरच नेला, पक्की शिवण सनाच्या अंगावर बसवूनच घालणार म्हणाला. माझ्या गळ्याचा लाल रंग तृप्तीने घासून घासून काढला, तरी थोडा राहिलाच. विरलेला कापूस एका पिशवीत भरून तिने माझ्या पायांशी ठेवला आहे.

एक मागणं आहे. सजावटीला म्हणून कुणाची जुनी वस्तू आणलीत, तर तिला उसवण्याआधी तिच्या माणसाला एकदा विचारा, आत काय भरलं आहे. आणि तुमचं कुणी लांब असेल, तर त्याची खबर नुसत्या फोनवर मोजत बसू नका. माझ्यासारखा पुतळा सगळी मापं पाळतो, पण कलून हसणं काही त्याला जमत नाही.

इथे अंधारात मी सारखा शटरकडे कान लावून असतो. लग्न लागलं असेल का, शिवण बरोबर बसली असेल का, या काळजीने जीव वर-खाली होतो. मी अजून तसाच रिकामा आहे. पण जाफर परत आल्यावर त्याने मला पुन्हा भरू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं.