लढाईच्या आदल्या दिवशीची सकाळ

संग्रहालयासाठी करायला घेतलेली एक जुनी लढाई आमच्या जेवणाच्या टेबलावर तीन वर्षं मुक्काम ठोकून होती. त्यामुळे आम्ही दोघं ओट्याशी उभ्यानेच जेवायचो. देखाव्यातल्या बोटाएवढ्या शिपायांपैकी लाल डगल्यांचे गोरे मी रंगवायचो आणि टेकडीवरचे आपले लोक बायको रंगवायची. आपले त्या लढाईत सपाटून हरले होते. त्यांतले चाळीस जण मेलेले दाखवा, असं संग्रहालयाच्या बाईंनी बजावलं होतं.

"माझ्या टेबलावर कुणी मरणार नाही," बायको म्हणायची.

"अगं, इतिहास आहे तो!"

"असू दे. आधी तुमचे गोरे सरळ उभे करा. सगळे प्यायल्यासारखे दिसतात."

गेल्या महिन्यात ती गेली. मग एक दिवस बाईंचा फोन आला. "काका, सोमवारी गाडी पाठवते. मेलेले तयार आहेत ना?"

मी चिमट्याने टेकडीवरचा पहिला माणूस उचलून आडवा केला. तो टक्क छताकडे बघत राहिला. बायकोने सगळ्यांचे डोळे उघडे रंगवले होते. मिटायला अंगाच्या रंगाचे दोन ठिपके पुरे होते. मी ब्रश बुडवला. हॉस्पिटलमध्ये तिचे डोळे मीच मिटले होते. मी ब्रश पुसून ठेवला.

त्याला मी पुन्हा उभा केला. देखाव्याच्या पाटीवर 'लढाई' या शब्दापुढे लिहिलं, 'आदल्या दिवशी सकाळी'. बाई चिडतील, चिडू देत.

मग सोमवारपर्यंत मी माझे गोरे सरळ करत बसलो.