आजच्या भागात काही झालं नाही

कळलं तेव्हा त्याची बायको तपासणीच्या खोलीत कपडे बदलत होती. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेतलं. "पाच-सहा महिने धरा. त्यांना तुम्ही सांगता की मी सांगू?"

"मीच सांगतो," तो म्हणाला.

ती बाहेर आली. "काय म्हणाले?"

"गाठ आहे. गोळ्यांनी विरघळेल."

तो सोफे आणि खुर्च्यांच्या गाद्या नव्याने भरून द्यायचा. ती लॉन्ड्रीत इस्त्रीला होती, तिची ड्यूटी नऊला सुटायची. म्हणून सव्वाआठची मालिका त्याने बघायची आणि जेवताना तिला सांगायची, असा घरचा शिरस्ता. पदरचं काही घालायचं नाही, ही अट. त्याने घातलंच तर घास हातात धरून ती म्हणायची, "हे तुमच्या मनचं. पुढे बोला."

त्या वर्षी मालिकेतल्या म्हाताऱ्या कारखानदाराला न बरा होणारा आजार झाला होता, आणि घरच्यांनी तो त्याच्यापासून लपवला होता. त्यावरून दोघांची रोज जुंपायची.

"कळून काय दिवे लावणार आहे तो?" तो म्हणायचा. "उरलेले दिवस तरी सुखात जातील."

"दिवस कोणाचे? त्याचेच ना? मग त्यांचं काय करायचं ते तुम्ही कोण ठरवणार?"

"मी कुठे? पुतण्याने ठरवलंय."

"पुतण्याची वकिली तुम्हीच करताय. दुसऱ्याचं मरण खिशात घालून हिंडायचं म्हणजे चोरीच ती. चाळीस भाग झाले! माळ्याला माहीत, ड्रायव्हरला माहीत, त्याला सोडून सगळ्यांना माहीत!"

डॉक्टरांकडून आल्यावर ती आडवी झाली. त्याने आवाज बारीक करून भाग बघितला. नेमकं त्याच दिवशी पुतण्याने म्हाताऱ्याला खरं सांगून टाकलं. म्हातारा रडला नाही. त्याने फक्त कितीतरी वर्षं न बोललेल्या भावाला फोन लावला.

तो ताट घेऊन आत गेला.

"आज काय झालं?"

"काही नाही. नातीच्या लग्नाची बोलणी चाललीत अजून."

तिथून त्याची गाडी घसरली ती घसरलीच. ती आत पडून असायची; बाहेर टीव्हीवर म्हातारा खंगत गेला. याच्या सांगण्यात मात्र बाहेरून औषध आलं, म्हाताऱ्याने काठी टाकली, नातीच्या लग्नात तो दोनदा जेवायला बसला. तिला दवाखान्यात ठेवल्यावर त्याने मालिका बघणंही सोडलं. दुकान बंद करून जायचं, खाटेजवळ स्टूल ओढायचं आणि सुचेल ते सांगायचं. ती डोळे मिटून ऐकायची. 'हे तुमच्या मनचं' असं एकदाही म्हणाली नाही. त्याला वाटलं, खपतंय.

एकदा तिने विचारलं, "आणि त्याला कोणीच काही सांगत नाही?"

"सांगायला काय आहे? बरा झालाय तो."

"हं." तिने कूस बदलली.

पाचव्या महिन्यात ती गेली. मेहुणी कपाट आवरायला आली, तेव्हा तो म्हणाला, "एक बरं झालं. तिला शेवटपर्यंत कळलं नाही."

मेहुणीचा घडी घालणारा हात थांबला. "भाओजी, दुपारी मी असायचे ना ताईजवळ. तोच भाग दुपारी पुन्हा लागतो. वॉर्डातल्या टीव्हीवर दोघी बघायचो."

दुपार त्याच्या डोक्यातच आली नव्हती. दुपारी तो कायम दुकानात, कापसात बुडालेला.

"म्हातारा मरूनही दोन महिने झाले. तुम्ही त्याला लग्नात दोनदा जेवू घातलंत, ते ताईने मला सांगितलं. हसून हसून तिला खोकला आला. मी म्हटलं, सरळ विचार ना त्यांना. तर म्हणे, नको. सांगतील ते. मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय."

तो कपाटाच्या दाराला धरून उभा राहिला. म्हणाला, "तिला कोणाला भेटायचं होतं का? काही करायचं होतं?"

"होतं काहीतरी. पण ते तुम्हालाच सांगणार होती. तुम्ही सांगितल्यावर."

ते काय होतं हे मेहुणीला माहीत नाही. त्यालाही नाही. ते करायचं राहिलं आहे.