फटीतली वाळू

मी एक खांब आहे. नेमके सांगायचे तर खांबाचा जमिनीत गाडलेला अडीच हात बुंधा. माझ्यावरचे धान्यकोठार केव्हाच नाहीसे झाले. अकराशे वर्षे ओल्या चिखलात राहिल्यामुळे मी कुजलो नाही. माणसांविषयीचे माझे मत मात्र पुरते नासले.

जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरील एका शेतकरी गावाने चेस्टनटचे झाड तोडून मला उंचवट्यावर रोवले. एका वर्षी समुद्र शेते ओलांडून कोठारापर्यंत आला. पाच माणसे घेऊन गेला आणि माझ्या फटीत वाळू ठेवून गेला. गावाने त्यावर रागावलेल्या नागदेवाची कथा रचली. घटनेची कथा झाली, की माणसे तिच्या जबाबदारीतून मोकळी होतात. मला देव मानून गवताचा पवित्र दोर बांधून, भात वाहून ती पुन्हा तिथेच नांदू लागली. माणसांची मला किळस आहे ती तेव्हापासूनची.

२०११च्या भूकंपानंतर, लाटेने घरे नेलेल्या लोकांसाठी त्याच उंचवट्यावर नवी वस्ती ठरली. बांधकामापूर्वी उत्खनन झाले आणि मी टोकियोजवळच्या इचिकावातील, जुन्या वस्तू जतन करणाऱ्या एका कार्यशाळेत पाण्याच्या टाकीत येऊन पडलो.

तेथे सुप्रभा अर्धवेळ काम करी. तिचा नवरा मुंबईच्या एका बँकेतर्फे जपानला आलेला. ब्रश लावण्यापूर्वी फटीतली माती पिशवीत भरून चिठ्ठी लावायची, हा तिथला नियम. पण शुक्रवारी कार्यशाळा पाहायला पाहुणे येणार होते, म्हणून घाई होती. पूजेची तांब्याची भांडी घासावीत तसे तिने मला घासले. अर्धी फट रिकामी झाल्यावर ब्रशला शिंपल्याचा तुकडा लागला.

“कोंदो-सान, यात समुद्राची वाळू आहे. मग नव्या वस्तीची ती जागा सुरक्षित कशी?”

प्रमुख कोंदो हसले. “तुमचा हात फार स्वच्छ, सुप्रभा-सान. आमच्या घरीही शिकवा.”

“पिशवीत न भरताच घासलं, चूक माझी आहे. उरलेली तरी पिशवीत भरू का?”

“अर्ध्या वाळूला कोण विचारतं? ती माणसं दोन वर्षं पत्र्याच्या खोल्यांत राहतायत. आता कुठं त्यांना जागा मिळतेय. धुवा.”

ती मग मराठीत पुटपुटली, “परक्या देशात आपण कशाला वाकडं बोलायचं,” आणि तिने नळ सोडला.

आता मी संग्रहालयात काचेआड आहे. खाली पाटी आहे: ‘सुरक्षित उंचवट्यावरील शांत शेतीजीवन’. नव्या वस्तीतली माणसे येतात, अदबीने वाकतात. मला त्या अदबीची शिसारी येते.

वाकायचेच असेल तर आपल्या अंगणात वाका. कुदळ घ्या, कमरेइतके खणा. समुद्राची पांढरी वाळू लागली, तर पोरांना घेऊन तिथून निघा.