खिडकीतला शेरीफ

निर्मळच्या मधू वर्तकने सत्तेचाळिसाव्या वर्षीही एका व्हिडिओ गेमचा नाद सोडला नव्हता. ‘कॉपर गल्च’, टोपीवाल्या शेरीफचा. पडद्यावर काढलेली चित्रं नाहीत, चित्रीकरण केलेले खरे नट. समोरचा पिस्तूल काढायच्या आत आपण बंदुकीचा चाप ओढायचा. कॉलेजात असताना तो वसई स्टेशनजवळ मायकलच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये हा खेळ खेळायचा. आता बँकेची नोकरी आणि केळीची वाडी सांभाळून त्याच्या वस्तू जमवायचा: कन्सोलच्या सीड्या, प्लास्टिकच्या दोन बंदुका, पत्र्याचा बिल्ला, कान तुटलेला मग.

एकदा त्याची बायको प्रमोदिनी भुईगावहून लग्नाचं जेवून आली आणि म्हणाली, “तुमचा टोपीवाला दिसला. सँड्रा आंटींच्या मोरीच्या खिडकीत.”

सँड्रा आंटी म्हणजे मायकलची बायको. मायकल जाऊन सहा वर्षं झाली होती. रविवारी मधू तिथे पोचला. पार्लरमधल्या मशीनची दर्शनी काच, शेरीफच्या चेहऱ्यासकट, खिडकीला बसवलेली होती.

“वादळात तावदान फुटलं, तेव्हा मायकलने ही लावली,” आंटी म्हणाल्या. “हवी तर ने.”

“मी नवीन काच बसवून देतो.”

“दे. पण भांडी घासताना मी ह्याच्याशीच बोलते रे. तो काय उत्तर देतोय म्हणा.”

मधूने काचेवरचा हात काढला. “आंटी, तुम्ही कधी खेळलात हा खेळ?”

“मी सुट्टे पैसे द्यायला बसायचे. गर्दी हटली की तू खेळ, म्हणायचा मायकल. गर्दी हटेपर्यंत घरी स्वयंपाकाची वेळ व्हायची.”

पुढच्या रविवारी मधू टेम्पोतून जुना डबा टीव्ही, कन्सोल आणि बंदूक घेऊन आला. सपाट टीव्हीवर ती बंदूक चालत नाही. आंटींनी चष्मा पुसला, दोन्ही हातांनी बंदूक धरली आणि पहिल्याच गल्लीत मेल्या. पडद्यावरचा दरोडेखोर खदाखदा हसला.

“हसतोस काय, मेल्या!” आंटी ओरडल्या. “मधू, परत लाव.”

सातव्यांदा त्यांनी त्याला गच्चीवरून खाली पाडलं. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. पदराने ते टिपून त्या आत गेल्या आणि डांबराच्या गोळ्यांचा वास येणारा एक तपकिरी शर्ट घेऊन आल्या. खिशावर खेळाचं नाव दोऱ्याने भरलेलं होतं.

“मशीनबरोबर आला होता. मायकलला कधी बसलाच नाही.”

असा शर्ट असतो हे मधूला इतक्या वर्षांत ठाऊकच नव्हतं. त्याने तो तिथेच अंगात घातला. पोटावर ताणला, पण बटणं लागली.

“काच राहू दे, आंटी,” तो म्हणाला. “कडेच्या फटीत नवीन लांबी तेवढी भरून देतो. पावसाचं पाणी आत येतंय.”

टीव्हीही त्याने तिथेच ठेवला. बुधवारी आंटींचा फोन आला. “बँकेत आहेस काय? खाणीतल्या त्या तिघांना कसं मारायचं, ते सांग आधी.”