गुलाबी चौकट

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो, इंग्लंडमधल्या ग्रिम्सबी गावातल्या एका स्वयंपाकघरातला. माझी एक बिजागरी तुटली आहे, म्हणून मला पावाच्या डब्याला टेकवून ठेवतात. टेसाच्या कॉलेजसाठी मला आणलं, तेव्हा ती मला मऊ कापडाने पुसायची. पुढे तिने नवा घेतला आणि मी तिच्या आईच्या, हेझलच्या, वाट्याला आलो. तेव्हापासून माझ्या कळांमध्ये केकचं पीठ जातं. माझी तक्रार नाही.

हेझल शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, तिचा नवरा कॉलिन मासळीच्या गोदामात. एके काळी त्याने पगारच्या पगार पैजांच्या दुकानात घालवले होते. मग सोडलं ते कायमचं. अजूनही त्या दुकानावरून जायचं टाळून तो लांबून वळसा घालतो. घरात त्या विषयाचं नावही कोणी काढत नाही.

म्हणून हेझलने माझ्यावर पैजवाल्याचं पान उघडलं, तेव्हा मला धडकीच भरली. तिला हे कामावरच्या विनीने शिकवलं होतं. पैजवाला नव्या गिऱ्हाइकाला सांगतो, एक पैज लाव, दुसरी आमच्याकडून फुकट. आपण त्याच्याकडे लावायचं की अमुक संघ जिंकणार. लगेच दुसरीकडे, जिथे माणसं एकमेकांशीच पैजा घेतात, तिथे लावायचं की तो जिंकणार नाही. निकाल काहीही लागो, इकडचं तिकडे फिटतं. मग फुकटची पैजही तशीच दोन्हीकडून लावली की चार पैसे सुटतात. हा जुगार नाहीच, नुसती बेरीज-वजाबाकी आहे, असं विनीचं म्हणणं.

शनिवारी दुपारी कॉलिन भाजीच्या वाफ्यावर कांदे लावायला गेला. हेझलने सुट्टीत राहायला भाड्याने घ्यायच्या कॅरव्हॅनसाठी, म्हणजे चाकांवरच्या घरासाठी, बाजूला ठेवलेले पैसे काढले. पैजवाल्याकडे यजमान संघाच्या जिंकण्यावर लावले. दुसऱ्या ठिकाणी दोन चौकटी होत्या, जिंकणार याची निळी आणि जिंकणार नाही याची गुलाबी. तेवढ्यात शेजारचं फाटक वाजलं. कॉलिन आला असं वाटून तिने घाईत निळी दाबली.

सामना सुरू झाल्यावर तिच्या लक्षात आलं. दोन्हीकडे एकच संघ! तो हरला तर सगळंच गेलं, आणि कॅरव्हॅनचं काय झालं हे कॉलिनला सांगावं लागणार होतं. माझ्या कडेवर टेकलेले तिचे तळवे ओले झाले. माझा पंखा घरघरत होता.

मग यजमानांनी गोल केला आणि हेझल हसली. एवढ्या वर्षांत तिचं असं हसू मी ऐकलं नव्हतं. मातीने भरलेले बूट घालून कॉलिन दारात उभा होता.

त्याला समजावून सांगावं लागलं नाही. पडद्याकडे बघताच त्याने ओळखलं. तरी हेझलने विनीपासून निळ्या चौकटीपर्यंत सगळं सांगून टाकलं.

"अजून वेळ आहे," तो हळूच म्हणाला. "गुलाबी दाब. ते पुढे आहेत तोवर बाहेर पडलीस तर वर थोडे सुटतीलसुद्धा."

"थांब की जरा. जिंकतायत ते. शेवटपर्यंत ठेवले तर किती होतील बघ ना."

कॉलिनचा चेहरा पडला.

"हेझल, हे माझं वाक्य आहे."

मग तिने मला त्याच्याकडे सरकवलं. "तूच दाब. माझ्याच्याने होत नाही."

"मी हात नाही लावणार." त्याने दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले.

हेझलने ते हात पाहिले. मग तिने गुलाबी चौकट दाबली.

त्यानंतर यजमानांनी आणखी एक गोल केला आणि सामना जिंकला. ठेवले असते तर पुष्कळ मिळाले असते. दोघांनीही ते पाहिलं. कॉलिनने हात धुतले आणि चहाचं पाणी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी फुकटची पैज आली. तिची मुदत संपेपर्यंत हेझलने माझं झाकण उघडलं नाही.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना शेवटी आपली निगा राखण्याची विनंती करायची असते. माझ्या कळांतलं पीठ राहू द्या. पण तुमच्या घरात कोणी माझ्यासारख्यासमोर बसून एकटंच हसत असेल, तर हातातलं काम टाका आणि त्याच्या मागे जाऊन उभे राहा.