डब्याच्या बुडावरचे बारा शब्द

कोल्हापुरात पापाच्या तिकटीजवळ शशिधरचं भांड्यांचं दुकान. वडिलांनी थाटलेलं, आईनं राखलेलं आणि शशिधरनं रोज सकाळी फक्त उघडलेलं. गिऱ्हाईक कळशीचं बूड ठोकून बघत असायचं आणि मालक मोबाइलात मान घालून बिटकॉइनचा भाव बघत असायचा. "कळशी कितीला?" असं कुणी विचारलं की मान वर न करता म्हणायचा, "पडलंय. थांबा, अजून पडंल." गिऱ्हाईक कळशी जागेवर ठेवायचं आणि पडल्यावर येतो म्हणून निघून जायचं.

त्या बिटकॉइनच्या मुळाशी सुष्मिताच्या पाटल्या होत्या. संकेश्वरच्या तिच्या आईनं मांडवात चढवलेल्या. शशिधरनं त्या गुजरीत सोनाराकडं नेऊन मोडल्या आणि बायकोला म्हणाला, "दिवाळीला दुप्पट जाड करून घालतो." दिवाळी आली, फराळ करून गेली. सुष्मिता भांडली नाही. फक्त चहाचा कप देताना हात जरा जास्तच लांब करायची. नवऱ्याच्या डोळ्यांपुढून मोकळं मनगट सावकाश जायचं, देवळातून परत निघालेल्या रित्या पालखीसारखं.

अशात कुठल्याशा एक्स्चेंजवर दरोडा पडून लोकांची नाणी गेल्याची बातमी आली. शशिधरनं लगोलग हार्डवेअर वॉलेट मागवलं. बोटभर लांबीचं यंत्र, इवलासा पडदा, दोन बटणं. आई शांतव्वा म्हणाली, "एवढ्याशा डबीत पाटल्या मावल्या व्हय रं?"

"अव्वा, पाटल्या ह्यात नसत्यात. हे किल्ली हाय किल्ली!"

"मग कुलूप कुठं हाय?"

"जगभर."

शांतव्वानं जगाकडं बघावं तसं दाराबाहेर बघितलं. तिथं एक म्हैस उभी होती.

मग शशिधरनं ही डबी कशी वापरायची त्याचा व्हिडिओ लावला आणि त्यात सांगितलेलं एकेक पाळलं. डबीचं सील तपासलं. दुकानामागच्या खोलीचं दार लावलं, मोबाइल बाहेर ठेवला, कॅमेऱ्यावर फडकं टाकलं. कॅलेंडरावरच्या गुबगुबीत बाळाचे डोळे टपोरे दिसले म्हणून कॅलेंडरसुद्धा उलटं केलं. पिन घातला. मग इवल्या पडद्यावर एकामागून एक बारा इंग्रजी शब्द आले. हेच खरं धन. डबी हरवली, फुटली, पुसली गेली, तरी हे बारा शब्द क्रमानं नव्या डबीत घातले की नाणी परत हातात. शब्द गेले तर मात्र नाणी आभाळातल्या चांदण्या, दिसतील पण वेचता येणार नाहीत. आणि शब्द दुसऱ्याला कळले, तर चांदण्या त्याच्या.

व्हिडिओतला माणूस सांगत होता, कागद जळतो, भिजतो, वाळवी खाते. शब्द स्टीलवर कोरा. त्यासाठी तो स्टीलची खास पट्टी विकत होता. शशिधर एकटाच खोलीत हसला. चारी बाजूंनी स्टील रचलेल्या माणसानं स्टील विकत घ्यायचं? आणि कोरायला तर घरचंच मशीन होतं. कोल्हापुरातल्या निम्म्या नवऱ्यामुलींची नावं त्यानं भांड्यांवर घातलेली. मशीन टर्रर्र करायला लागलं की पोरीचं माहेर संपलं असं आयाबाया म्हणायच्या.

त्यानं कडीचा एक देखणा डबा घेतला आणि त्याच्या बुडावर, काठाकाठानं, मुंगीच्या पावलांच्या अक्षरात बारा शब्द गोल कोरले. पण शशिधरची अक्कल इथं थांबती तर तो शशिधर कसला! चोर आलाच आणि त्यानं डबा उलटा केलाच, तर? त्याला संशयच येऊ नये म्हणून शशिधरनं बुडाच्या मधोमध, ठसठशीत मराठीत, रोजच्या सवयीचं कोरलं: 'सप्रेम भेट'. मग शब्द उतरवून घेतलेला कागद जाळला, डबा घरी आणून स्वयंपाकघरातल्या फळीवर शंभर डब्यांत एक करून ठेवला आणि त्या रात्री राजासारखा झोपला.

पुढं धोंड्याचा महिना लागला. तीन वर्षांनी येणारा हा जादा महिना म्हणजे जावयांचा हंगाम. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि नव्या भांड्यात वाण घालून द्यायचं. थोरल्या महानंदाअक्काचा नवरा मल्लिकार्जुन मुरगूडहून आला. मुरगुडात त्याचं धान्याचं दुकान. पैसा पतसंस्थेत. शशिधर त्याला तोंडावर म्हणायचा, "दाजी, तुमचा पैसा लोणच्यात घातलेल्या कैरीवाणी. मुरतोय, वाढत न्हाई."

"कैरी तर हाय की हातात," असं म्हणून मल्लिकार्जुन सातवा धोंडा उचलायचा.

त्या दिवशी शशिधर गिऱ्हाईक सोडून भावाच्या चढउतारात गुंतला होता. शांतव्वानं वाणाला नवं भांडं शोधताना फळीवरचा तो कडीचा डबा काढला, उलटा केला, आणि तिचा जीव भरून आला. इंग्रजी नक्षी तिला वाचता येत नव्हती, मराठी येत होती. लेक नुसता मोबाइलात डोकं घालतो असं आपण म्हणतो, पण बहिणीच्या घरच्या वाणाची याद ठेवून नाव घालून ठेवलं की लेकरानं! आणि कडेनं वेलबुट्टी काढलीया. पदर डोळ्याला लावत तिनं डब्यात अनारसे भरले, वर दिवा ठेवला आणि गुणगुणली:

*भांड्याला घातलं नाव, नाव बाई पाठीवर*
*दिलेलं गेलं सये, डोळा नको वाटेवर*

डबा मुरगूडला गेला.

शशिधरला पत्ताच नव्हता. त्याला वेगळीच काळजी लागली होती. डबीचा पिन लग्नाच्या तारखेचा होता आणि तो सुष्मिताला ओळखू येईल, असं त्याच्या मनानं घेतलं. आता लग्नाची तारीख लक्षात ठेवणाऱ्या बायकोचं खरं तर कौतुक करावं. पण ह्यानं पिन बदलला. असा ठेवला की जगात कुणाला कळू नये. आणि कळलाही नाही. पंधरवड्यानं भाव चढला, शेजारचा चपलांचा दुकानदार गुंडू चहा प्यायला आला, त्याला दाखवायला म्हणून शशिधरनं डबी काढली. पहिला पिन चुकला. दुसरा चुकला.

"थांब की मर्दा," गुंडू म्हणाला, "घरात विचार."

"घरात विचारायला ते काय धुण्याची पावडर हाय?" असं म्हणून शशिधरनं तिसरा दाबला. तोही चुकला, आणि डबीनं चोर ओळखला. स्वतःला पुसून कोरी झाली.

"आयला," गुंडू म्हणाला, "चपलेचा अंगठा तुटल्यावर तरी आवाज हुतो."

शशिधर घाबरला नाही. हसत घरी गेला, फळीवर हात घातला, आणि मग मात्र फळी, कपाट, माळा, पोती, सगळं उपसलं. स्वयंपाकघरात डब्यांचा डोंगर झाला आणि डोंगरामागून त्याचा आवाज आला, "अव्वा! कडीचा डबा?"

"वाणात दिला की दाजीस्नी. तूच न्हवं का नाव घातलंस? माझं लेकरू किती गुणाचं!"

शशिधर खाली बसला. "जाऊन आणतो."

"काय आणतो?" शांतव्वाचा आवाज चढला. "वाण माघारी? आमच्या सात पिढ्यांत कुणी जावयाचं वाण माघारी आणल्यालं न्हाई. आणायचं तर मला आधी न्हेऊन नदीत सोड."

तेव्हा सुष्मिता दारात आली. काय झालं ते तिला सांगावं लागलं, आणि सांगताना शशिधरची नजर वर येईना. ती एवढंच म्हणाली, "माझ्या पाटल्या तुम्ही नणंदंला अनारशासकट दिल्या म्हणा की." आणि चप्पल घातली. "चला, नुसतं बूड वाचून येऊ. मी बी येते. तुमच्यावर आता एक डबा सोडायची सुदिक हिंमत न्हाई."

मुरगुडात महानंदाअक्का भावाला बघून हरखली. डब्याचं विचारल्यावर तर फुलून गेली. "अरं, किती छान डबा! वर्षाची चटणी भरली त्यात. गच्च."

"अक्का, जरा रिकामा कर."

"चटणी? आताच दाबून भरलीया! मिरची, खोबरं, लसूण, सगळं एकजीव झालंय. न्हाई बाई, हवा लागली की वास जातोय."

"मग नुसता उलटा..."

"उलटा?" आतून मल्लिकार्जुन आला. "पावणं, दिल्यालं वाण तपासाय आलाय का काय? स्टील खोटं हाय?"

काही सांगावं तर गुपित फुटतं, न सांगावं तर नाणी जातात. शशिधरनं मधला मार्ग काढला, तो त्याच्या इतर मधल्या मार्गांसारखाच होता. मल्लिकार्जुननं डबा दोन्ही हातांनी डोक्याच्या उंचीवर धरायचा आणि शशिधरनं खाली जमिनीवर उताणं झोपून बूड वाचायचं. स्वयंपाकघरात अंधूक उजेड, अक्षरं मुंगीची. "दाजी, जरा खाली. जरा तिरका. अजून तिरका."

दाजींनी तिरका केला. कडी निसटली, झाकण उघडलं, आणि वर्षाच्या चटणीतला चांगला ओंजळभर वाटा शशिधरच्या उघड्या डोळ्यांत पडला.

पुढची घटका मुरगूड गावानं बरीच वर्षं सांगितली असती, पण शशिधरच्या किंकाळ्यांमुळं नीट ऐकू आली नाही. अक्का पाणी आणायला धावली. शेजारणी आल्या. दारात गर्दी झाली. शशिधर डोळे चोळत, मिटल्या डोळ्यांनी एकच म्हणत होता, "शब्द! बुडावरचे शब्द!"

"मी वाचतो की," मल्लिकार्जुन म्हणाला. आणि डबा उजेडात नेऊन, धान्याचा लिलाव पुकारावा तशा आवाजात सुरू झाला, "रिव्हर! लेमन!"

"दाजी, हळू!"

"हळू मला येत न्हाई. ऑर्फन! पेप्पर!"

"पेपर म्हंजी?" दारातली एक बाई.

"मिरी. तिखटच की ते बी. डाँकी!" मल्लिकार्जुन थांबला. खाली लोळणाऱ्या मेव्हण्याकडं बघितलं. "डाँकी म्हंजी गाढव न्हवं?"

"व्हय दाजी. फुडं वाचा."

लिहून घ्यायला घरात कागद दिसेना, आणि मोबाइलात लिहायचं नाही हे व्हिडिओतलं वाक्य आंधळा झालेला शशिधर अजूनही ओरडत होता. सुष्मितानं पर्समधलं पेन काढलं, पदर मागं सारला आणि डाव्या हातावर लिहायला लागली. मनगटापासून कोपरापर्यंत. जिथं पाटल्या रुतून गोरा वण पडला होता तिथं पहिला शब्द बसला, त्याच्यावर दुसरा. नवरीच्या हातावर मेंदी काढावी तशी ती सावकाश, जपून लिहीत होती, आणि बाराव्या शब्दाला हात भरला. खूप दिवसांनी भरला.

अक्काच्या ओट्यावरच, डोळे धुऊन टोमॅटोसारखे झालेल्या शशिधरनं बायकोचा हात धरला आणि त्यावर वाचत एकेक शब्द खिशातून आणलेल्या डबीत घातला. इवला पडदा उजळला. नाणी जागेवर होती.

"झालं!" तो ओरडला. "वाचलो!"

"वाचलो?" सुष्मितानं हात सोडवून घेतला आणि दाराकडं दाखवला. दारात निम्मी गल्ली उभी होती. एक पोरगी शेजारणीला क्रम सांगत होती, "लेमनच्या मागं ऑर्फन." मल्लिकार्जुन खुशीत डबा फडक्यानं पुसत होता. "लई सोपं हाय की. मला पाठ झालं."

व्हिडिओतलं पुढचं वाक्य शशिधरला आठवलं. शब्द दुसऱ्यांना कळले, तर नवे शब्द काढून सगळं तिकडं हलवायचं. लगेच. त्यानं डबीकडं हात नेला. डबी सुष्मिताच्या पर्समध्ये गेली होती.

"तो व्हिडिओ मी बी बघितलाय," ती म्हणाली. "तुम्ही झोपल्यावर तुमच्या उशाजवळ वाजत असायचा. कॅलेंडर उलटं करायचं त्यात कुठं बी नव्हतं."

कोल्हापुरात परतल्यावर तिनं डबी घेऊन दुकानामागच्या खोलीचं दार आतून लावलं. मशीन टर्रर्र वाजलं. बाहेर शशिधर दाराला कान लावून उभा होता. दार उघडलं तेव्हा सुष्मिताचा हात धुऊन स्वच्छ होता.

"नवे शब्द कुठं कोरलेस?"

"स्टीलवर."

"कुठल्या?"

"पाटल्या हातात पडल्या की सांगीन," ती म्हणाली. "तोवर चोराची भीती न्हाई, आगीची न्हाई, वाळवीची न्हाई. तुमची हुती, ती बी गेली."

आता पापाच्या तिकटीला गिऱ्हाईक येतं तेव्हा मालक मोबाइलात नसतो. तो कळशी, परात, तांब्या, वाटी, एकेक उलटं करून बूड बघत असतो. लोक म्हणतात, पोरगं सुधारलं, बापासारखं माल पारखून घ्यायला लागलं. शांतव्वाही शेजारणींना तेच सांगते. आणि सुष्मिता चहाचा कप देते, हात पूर्वीएवढाच लांब करून.